कँडीच्या रानात टाकलेली माणसे: संत जोसेफ वाझ यांचे जीवन



२०२१ चा एप्रिल महिना तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम या भागात राहणाऱ्यांना तर तो विसरता येणे कठीण आहे. ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी लागलेल्या रांगा, रात्रंदिवस वाजणारे रुग्णवाहिकांचे भोंगे, स्मशानात जागा उरली नाही म्हणून बाहेरच्या पार्किंगमध्ये रचलेल्या चिता. त्या दिवसांत आपण आणखी एक गोष्ट पाहिली, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. आजारी माणसाच्या खोलीत पाऊल टाकायला घरची माणसे घाबरत होती. कुणी गेले तर त्या देहाला हात लावायला चार जण जमत नव्हते. हे मी कुणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. मी स्वतः शेजाऱ्यांच्या दारात जेवणाचा डबा ठेवून, बेल वाजवून, दार उघडायच्या आत जिना उतरून पळालो आहे.

ही भीती नवी नाही. आज मी तुम्हाला ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्या संत जोसेफ वाझ यांनी तीच भीती सव्वातीनशे वर्षांपूर्वी श्रीलंकेतील कँडी शहरात पाहिली होती. ते आपल्या गोव्याचे, कोकणी बोलणारे. दर वर्षी १६ जानेवारीला त्यांचा सण येतो, आपण मिस्सामध्ये त्यांचे नाव ऐकतो आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबतो.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली येथे, आईच्या माहेरी झाला. वडील क्रिस्तोवांव वाझ सांकवाळचे, आई मारिया दि मिरांडा. सहा भावंडांत ते तिसरे. बाणावलीच्या संत जॉन बाप्तिस्ताच्या चर्चमध्ये आठव्या दिवशी त्यांचा स्नानसंस्कार झाला. घराणे सारस्वत ब्राह्मण कुळातले, पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले, गावात मान असलेले. मुलगा हुशार होता. सांकवाळला पोर्तुगीज शिकला, बाणावलीला लॅटिन शिकला, मग राजधानी गोव्यात येशूसंघीयांच्या संत पावल महाविद्यालयात आणि दोमिनिकन धर्मगुरूंच्या अकादमीत त्याचे शिक्षण झाले. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

इथे त्या काळची एक गोष्ट समजून घ्यायला हवी. गोव्यातला स्थानिक माणूस कितीही शिकला तरी युरोपीय धर्मसंघांची दारे त्याला बंद होती. स्थानिक धर्मगुरू हा दुय्यम समजला जाई. गावात उच्च कुळातला म्हणून ज्याला लोक वाकत, तोच राजधानीत गेला की काळ्या कातडीचा म्हणून बाजूला उभा राही. माणसाची किंमत माणसे कशी ठरवतात, हे जोसेफ वाझ यांनी वरून आणि खालून, दोन्हीकडून पाहिले होते. दीक्षा झाल्यावर त्यांनी पायातली पादत्राणे काढली. गरीब जसे चालतात तसे अनवाणी चालायचे, हे त्यांनी ठरवले आणि ते आयुष्यभर पाळले.

पुढच्याच वर्षी, ५ ऑगस्ट १६७७ रोजी, त्यांनी सांकवाळला एक विलक्षण कागद लिहिला. त्यात त्यांनी स्वतःला पवित्र मारियेचा कायमचा गुलाम म्हणून विकून टाकले. आज हे वाचताना आपल्याला ती भक्तीची भाषा वाटते आणि आपण पुढे सरकतो. पण त्या काळच्या गोव्यात गुलाम हा अलंकारिक शब्द नव्हता. समुद्रापलीकडून आणलेली माणसे श्रीमंतांच्या घरी राबत, त्यांची खरेदी-विक्री होई. असे व्यवहार ज्या समाजात रोज होत होते, तिथे एका मानी घरातल्या तरुण धर्मगुरूने स्वतःचे नाव गुलामाच्या जागी लिहिले. हा गुलामगिरीविरुद्धचा जाहीरनामा नव्हता, ती भक्तीचीच कृती होती. तरीही पुढे ते जे जगले, त्याची सुरुवात मला या कागदात दिसते. शेवटच्या जागेवर उभे राहायचे आणि तिथून काम करायचे.

त्यांचे मन तेव्हापासूनच श्रीलंकेकडे लागले होते. डचांनी पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले होते. डच सत्तेने कॅथोलिक धर्मगुरूंना हाकलले, चर्च ताब्यात घेतली, धर्मगुरूला आसरा देणे हाही गुन्हा ठरवला. त्यामुळे जवळजवळ तीस वर्षे तिथले कॅथोलिक धर्मगुरूविना राहत होते. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना म्हणायला कुणी नाही. पण वरिष्ठांनी जोसेफ वाझ यांना आधी कॅनरात पाठवले. १६८१ ते १६८४ ते मंगळूर, बसरूर, कल्याणपूर या भागात फिरले. तिथे दोन धर्मसत्तांचा अधिकारावरून वाद चालू होता आणि त्यात बराच मनस्ताप झाला. तो सगळा इतिहास इथे सांगत बसत नाही.

परत आल्यावर जुन्या गोव्यात काही स्थानिक धर्मगुरू एकत्र राहून प्रार्थनेचे जीवन जगत होते, त्यांना ते १६८५ मध्ये मिळाले. या मंडळीतूनच पुढे गोव्याची ऑरेटरी उभी राहिली. पूर्णपणे भारतीय धर्मगुरूंची ती संस्था होती. त्यांनी जोसेफ वाझ यांना प्रमुख केले. ते पद त्यांनी फार काळ ठेवले नाही. १६८६ मध्ये परवानगी मिळवून ते निघाले.

सोबत जॉन नावाचा एक तरुण सेवक होता. दोघे दक्षिणेकडे चालत गेले. तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर थांबून जोसेफ वाझ तमिळ शिकले. धर्मगुरूच्या वेशात डचांच्या हद्दीत उतरणे शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी मजुराचे फाटके कपडे घातले आणि १६८७ मध्ये समुद्र ओलांडला. वाटेत वादळ लागले, उपासमार झाली. जाफन्याला पोहोचेपर्यंत त्यांना भयंकर हगवण लागली होती.

वाचकहो, इथे क्षणभर थांबू या. अनोळखी मुलूख, अंगावर चिंध्या, उभे राहायची ताकद नाही, आणि लोक दुरून जात आहेत. जो माणूस पुढे रस्त्यावर टाकलेल्या रोग्यांना उचलणार होता, तो आधी स्वतः तसाच टाकलेला रोगी होता. त्या दिवसांत गोरगरिबांनी दिलेल्या अन्नपाण्यावर तो वाचला. देणाऱ्यांना तो कोण आहे हे ठाऊक नव्हते. भिकारी म्हणूनच त्यांनी त्याला दिले.

बरे झाल्यावर त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. जपमाळ पाहून कुणाचे डोळे चमकतात, हे ते बघत. अशा रीतीने लपलेले कॅथोलिक त्यांना एकेक करून सापडले. मग रात्री घरात मिस्सा, पहाटेच्या आत दुसऱ्या गावी प्रयाण. सिल्लालै नावाच्या गावात त्यांना मोठा आधार मिळाला. डचांना सुगावा लागला, धरपकड झाली, लोकांनी शिक्षा भोगल्या पण धर्मगुरूचा पत्ता सांगितला नाही. १६९० मध्ये त्यांना तिथून पुत्तळमला हलावे लागले.

१६९२ मध्ये ते डोंगरातल्या कँडी राज्यात गेले. हे सिंहली बौद्ध राजाचे स्वतंत्र राज्य होते, डचांची सत्ता तिथे नव्हती. राजा दुसरा विमलधर्मसूर्य. पण पोहोचण्याआधीच पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांच्याविरुद्ध कागाळी गेली होती. त्यांना पकडून कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली भाषा शिकले. पळून जात नाहीत हे पाहून पहारा सैल झाला, तेव्हा त्यांनी तिथेच एक झोपडीवजा चर्च उभारले. एकदा दुष्काळ पडला असताना त्यांच्या प्रार्थनेने पाऊस आला, अशी कथा श्रीलंकेचे भाविक आजही प्रेमाने सांगतात. त्यानंतर राजाने त्यांना मोकळे केले. चित्रांमध्ये हा पावसाचा प्रसंग बहुतेक वेळा असतो. माझ्या मते मात्र त्यांच्या जीवनातला सर्वांत मोठा प्रसंग पावसाचा नाही, तो पुढे येतो.

१६९७ मध्ये गोव्याहून दोन ऑरेटोरियन धर्मगुरू मदतीला आले, फादर जोझे दि मिनेझिस आणि फादर जोझे कार्व्हाल्यो. दुसरे तर त्यांचे भाचेच होते. त्याच वर्षी कँडीत देवीची साथ आली.

आपल्या पिढीला देवी हा रोग ठाऊक नाही. आजी-आजोबांच्या दंडावरची लस टोचल्याची खूण आपण पाहिलेली असते, तेवढेच. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून संपल्याचे जाहीर केले. पण जेन्नरची लस १७९६ ची, म्हणजे कँडीच्या साथीनंतर शंभर वर्षांनी आलेली. तोपर्यंत यावर काहीच इलाज नव्हता. आधी तीव्र ताप, मग तोंडात, घशात, सर्वांगावर पाण्याने आणि पुढे पुवाने भरलेले फोड. गिळता येत नाही, कुशीवर वळता येत नाही, अंगाला दुर्गंधी येते. लागण झालेल्या दहांतले सुमारे तीन दगावत आणि जे वाचत त्यांचे चेहरे विद्रूप होत, काहींची दृष्टी जाई. श्वासातून, खपल्यांमधून, अंगावरच्या कपड्यांतून रोग पसरे.

राजा दरबारासह शहर सोडून गेला. ज्यांना जाणे शक्य होते तेही गेले. मागे राहिलेल्या घरांत कुणाला ताप चढला, फोड दिसले, की घरचीच माणसे त्याला नेऊन रानात सोडून येत. आई-बाप मुलांना, मुले आई-बापांना. त्यांना क्रूर म्हणायची माझी छाती होत नाही. एकाला घरात ठेवले तर सगळे घर जाईल, हा त्यांचा हिशोब होता आणि आकड्यांच्या दृष्टीने तो चुकीचाही नव्हता.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. आमच्या जमाखर्चात जे येणे वसूल होणार नाही, ते बुडीत म्हणून लिहून टाकतात. त्या ओळीवर मग कुणी वेळ घालवत नाही. वस्तूंचा घसारा काढतात, दर वर्षी किंमत कमी करत नेतात आणि शेवटी भंगाराचा भाव उरतो. वस्तूंच्या बाबतीत हे बरोबरच आहे. कँडीच्या रानात माणसे अशी लिहून टाकलेली होती.

फादर जोसेफ वाझ त्या रानात गेले. त्यांनी आणि फादर कार्व्हाल्यो यांनी रोग्यांसाठी झोपड्या बांधल्या, ओस पडलेली घरे रोग्यांसाठी वापरात आणली. रोग्यांना उचलून आणले. त्यांना खाऊ-पिऊ घातले, धुतले, साफ केले. औषध नव्हतेच. पण ताजे पाणी, थोडी पातळ पेज, स्वच्छ जागा आणि जवळ कुणीतरी असणे, एवढ्यानेही काही माणसे तगतात. आज कुठलीही परिचारिका तुम्हाला हेच सांगेल. जी तगली नाहीत त्यांना एकटे मरावे लागले नाही. आणि मेल्यावर कोल्ह्या-कुत्र्यांसाठी ती रानात पडून राहिली नाहीत, कारण हे दोघे धर्मगुरू त्यांना स्वतःच्या हातांनी पुरत होते. साथ आटोक्यात यायला बरेच महिने लागले. एक दिवस धैर्य दाखवणे वेगळे आणि रोज पहाटे उठून पुन्हा त्याच फोडांना हात लावणे वेगळे.

तुमच्यापैकी काहींच्या मनात प्रश्न येईल की ही सेवा धर्मांतरासाठी होती का. हा प्रश्न टाळू नये असे मला वाटते. जोसेफ वाझ मिशनरी होते, लोकांनी ख्रिस्ताला ओळखावे ही त्यांची मनापासूनची इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण त्या झोपड्यांत कॅथोलिक होते तसे बौद्धही होते, आणि आत घेताना कुणाचा धर्म विचारला गेला नाही. ज्याला बोलता येत नाही, जो उद्या सकाळपर्यंत राहणार नाही, त्याच्याकडून कुठल्याही मिशनला मिळण्यासारखे काही नसते. तो देवाच्या प्रतिमेत घडवलेला माणूस आहे, एवढेच कारण उरते.

राजा परत आला तेव्हा त्याला काय काय घडले ते समजले. हा धर्मगुरू नसता तर राजधानीचे रस्ते प्रेतांनी भरले असते, हे त्याने मानले, असे जुने चरित्रकार सांगतात. पण राजा ख्रिस्ती झाला नाही. उलट त्याच सुमारास त्याने आराकानहून बौद्ध भिक्षू आणवून आपल्या राज्यातली मोडलेली भिक्षुपरंपरा पुन्हा सुरू केली. आपल्या धर्मावर दृढ राहूनच त्याने फादर वाझ यांना राज्यभर मोकळेपणी फिरण्याची आणि प्रार्थना चालवण्याची मुभा दिली. मला या दोघांच्या नात्याचे फार कौतुक वाटते. मतभेद मिटले नाहीत, आणि तरीही एकाने दुसऱ्याला ओळखले.

पुढची वर्षे थोडक्यात सांगतो. गोव्याहून आणखी धर्मगुरू आले. १७०५ मध्ये फादर जाकोम गोन्साल्विस आले, ज्यांनी पुढे सिंहली आणि तमिळ भाषांत इतके लिहिले की सिंहली कॅथोलिक साहित्याचे जनक म्हणून त्यांचा मान आहे. पोपमहोदयांच्या प्रतिनिधीने जोसेफ वाझ यांना श्रीलंकेतील ख्रिस्तसभेचे प्रमुखपद देऊ केले, पण त्यांनी ते नाकारले. अनवाणी फिरणे, डचांच्या हद्दीत वेश बदलून जाणे, आजाऱ्यांना तैलाभ्यंग देणे हेच चालू राहिले. शरीर थकले, आजारपणे वाढली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५९ वर्षांचे होते. श्रीलंकेत गेल्यापासून ते एकदाही गोव्याला परतले नव्हते.

त्यांच्या धन्यपदाची वाट मात्र फार लांबली. २१ जानेवारी १९९५ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी कोलंबोत गॉल फेस ग्रीनवर त्यांना धन्य घोषित केले. त्यासाठी मान्य झालेला चमत्कार गोव्यातला, १९३८ सालचा. एका अवघड बाळंतपणात आईने त्यांचा धावा केला होता. ते बाळ वाचले आणि मोठे होऊन धर्मगुरू झाले.

आता एक तारीख लक्षात घ्या. कोलंबोहून परतल्यावर दोन महिन्यांनी, २५ मार्च १९९५ रोजी, देवदूताच्या निरोपाच्या सणाला, याच पोपमहोदयांनी मानवी जीवनाविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक जगाला दिले. त्याचे नाव ‘इव्हांजेलियम विटे’, म्हणजे जीवनाची शुभवार्ता. गर्भपात, दयामरण, मृत्युदंड, दुबळ्यांचा जीव ओझे मानणारी आपली संस्कृती, या सगळ्यांबद्दल ते बोलते. उदरात जीव आला तेव्हापासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत माणसाचे जीवन पवित्र आहे, ही ख्रिस्तसभेची शिकवण त्यात ठामपणे मांडली आहे. या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध होता असा माझा दावा नाही. पण मी त्या परिपत्रकाविषयीच्या एका लेखाचे मराठी करत होतो तेव्हा मला फादर वाझ यांची आठवण पदोपदी येत होती. इंग्रजीतल्या डिग्निटी या शब्दासाठी मी प्रतिष्ठा असा शब्द लिहिला आणि खोडला. प्रतिष्ठा लोक देतात आणि लोकच काढून घेतात. मान, अब्रू, इभ्रत, सगळ्यांचे तसेच. रानात टाकलेल्या देवीच्या रोग्याकडे यातले काहीच उरले नव्हते. शेवटी मी मोल असे लिहिले. तोही शब्द पुरेसा नाही, पण निदान तो अमोलच्या जवळचा आहे.

१४ जानेवारी २०१५ रोजी त्याच गॉल फेस ग्रीनवर पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. दुसऱ्या चमत्काराची अट त्यांनी बाजूला ठेवली. श्रीलंकेचे ते पहिले संत.

तुमच्यापैकी पुष्कळ जण सुट्टीत दिल्लीहून विमानाने गोव्याला जाता. दाबोळी विमानतळावर उतरलात तर सांकवाळ तिथून अगदी जवळ आहे. तिथे संत जोसेफ वाझ यांचे तीर्थस्थान आहे, आणि गावच्या जुन्या चर्चची, आरोग्यमातेच्या चर्चची, दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. बाकीचे चर्च फार पूर्वी आगीत गेले. १६ जानेवारीच्या आसपास गेलात तर नोव्हेनाला गर्दी असते. एरवी तिथे शांतता असते, बसायला जागा मिळते.